डोंगरावरून परतलेला शिपाई : ॲल्विन यॉर्कच्या श्रद्धेचे आणि सैन्यसेवेचे प्रकरण

५ जून १९१७ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात, पॉल मॉल नावाच्या खेड्यात, एकोणतीस वर्षांच्या एका लोहारकाम आणि शेतमजुरी करणाऱ्या तरुणाने सक्तीच्या सैन्यभरतीचा अर्ज भरला. ‘भरतीतून सूट मागता काय? मागत असल्यास कारण लिहा’ या प्रश्नापुढे त्याचे उत्तर एवढेच होते : ‘होय. लढायचे नाही.’ हा ॲल्विन यॉर्क. सोळा महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९१८ रोजी, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आर्गॉन जंगलात याच माणसाने वीसपेक्षा जास्त जर्मन सैनिकांना गोळ्या घातल्या आणि १३२ जणांना कैद करून आणले. त्यासाठी त्याला अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. या दोन तारखांच्या दरम्यान त्याच्या मनात जे घडले, तो या प्रकरणाचा विषय आहे. पराक्रमाची कथा अनेकांनी सांगितली आहे आणि ती पुढे येईलच. पण ख्रिस्ती माणसाने बंदूक हाती घ्यावी की नाही, हा प्रश्न ज्यांना खरोखर छळतो त्यांच्या कामाचा भाग त्याआधीच्या काही महिन्यांत दडलेला आहे.

यॉर्कचा जन्म १३ डिसेंबर १८८७ चा, अकरा भावंडांतला तिसरा. शाळा जेमतेम नऊ महिन्यांची. १९११ मध्ये वडील वारले आणि घराचा भार अंगावर आला. त्याच काळात तो टेनेसी आणि केंटकी यांच्या सीमेवरच्या दारूच्या अड्ड्यांवर पिण्यात, जुगारात आणि मारामाऱ्यांत वेळ घालवू लागला. त्याचा जवळचा मित्र अशाच एका अड्ड्यावरच्या भांडणात मारला गेला. त्यानंतर, १९१५ च्या पहिल्या दिवशी, एका उज्जीवन सभेत यॉर्कने पश्चात्ताप करून प्रभूला जीवन दिले. त्याने दारू सोडली, पत्ते सोडले, शिवी सोडली. मंडळीत तो गीते म्हणू लागला, शब्बाथशाळेत मुलांना शिकवू लागला आणि पुढे मंडळीचा वडीलही झाला. अशा माणसाचे धर्मांतर (एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाणे या अर्थाने नव्हे, तर आपल्या मंडळ्यांत ज्याला ‘नवा जन्म’ म्हणतात त्या अर्थाने) मारामारी सोडण्याशीच निगडित असते. हे ध्यानात घेतले नाही, तर त्याने सूट का मागितली हे कळत नाही. माणसावर हात उचलणे हे त्याच्या लेखी जुन्या माणसाचे लक्षण होते. सरकार त्याला त्याच जुन्या माणसाकडे परत जायला सांगत होते.

त्याची मंडळी ‘चर्च ऑफ ख्राइस्ट इन ख्रिश्चन युनियन’ नावाच्या लहानशा पंथाची होती. हा पंथ १९०९ मध्ये ओहायो राज्यात स्थापन झाला होता. गावचे पाळक रोझिअर पाइल हेच पोस्टमास्तर होते, दुकानही त्यांचेच होते आणि सैन्यभरतीची नोंदणीही त्यांच्याच हाती होती. लहान गावात एकाच माणसाच्या डोक्यावर चार टोप्या असतात, हे आपल्याला नवे नाही. पण ज्याने रविवारी ‘शांती करणारे ते धन्य’ या वचनावर बोलावे, त्यानेच आठवड्यात आपल्या मंडळीतल्या मुलांची नावे युद्धासाठी नोंदवावीत, ही गोष्ट क्षणभर थांबून पाहण्यासारखी आहे. पाइल यांनी यॉर्कला सूट मागण्याचा सल्ला दिला.

सूट नाकारली गेली. मे १९१७ च्या भरती कायद्यात सवलत होती, पण ती माणसाच्या विवेकाला नव्हे, पंथाला होती. अर्जदार एखाद्या मान्यताप्राप्त, कायदा झाला तेव्हा अस्तित्वात असलेल्या पंथाचा सभासद असावा आणि त्या पंथाच्या मतसूत्रातच युद्धात भाग घेण्यास मनाई असावी, अशी ती अट होती. क्वेकर आणि मेनोनाइट हे पंथ तीत बसत. यॉर्कच्या मंडळीचा अभिमान असा की, बायबलाखेरीज आपले वेगळे मतसूत्र नाही. आणि नेमके हेच तिच्या आड आले. स्थानिक मंडळाने कळवले की, हा पंथ सुप्रतिष्ठित नाही, बायबलाखेरीज त्याचे मतसूत्र नाही आणि बायबलाचा अर्थ त्याचे सभासद ज्याचा त्याचा लावतात. या उत्तरात तुच्छता आहे, तसेच थोडे सत्यही आहे. ज्या मंडळीने अर्थ लावण्याचे काम प्रत्येक सभासदावर सोडलेले आहे, तिचा सभासद राज्यसत्तेपुढे एकटाच उभा राहतो; त्याच्या मागे शतकांची परंपरा नसते, लेखी ठराव नसतो. अपिलेही फेटाळली गेली आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये यॉर्क जॉर्जिया राज्यातल्या कॅम्प गॉर्डन या छावणीत दाखल झाला. पुढे त्याची नेमणूक ८२ व्या डिव्हिजनच्या ३२८ व्या पायदळ रेजिमेंटमधील ‘जी’ कंपनीत झाली.

छावणीत त्याने हुकूम मोडला नाही, गणवेश नाकारला नाही, कवायत चुकवली नाही. बंदुकीशी तर त्याचे लहानपणापासूनचे नाते होते. त्याच्या डोंगरात टर्की पक्षी ओंडक्यामागे बांधून ठेवत आणि त्याचे डोके क्षणभर वर आले की लांबून नेम धरण्याच्या शर्यती लावत. तिथे तयार झालेल्या हाताला छावणीचे मोठे, स्थिर निशाण म्हणजे खेळच होता. शहरातली पोरे नेम चुकवत आणि हा चुकवत नसे. म्हणजे वरिष्ठांच्या दृष्टीने उत्तम शिपाई, आणि तरीही त्याने कंपनीचे कप्तान एडवर्ड डॅनफोर्थ यांना सांगितले की, युद्धात माणसे मारणे आपल्या श्रद्धेला मान्य नाही. डॅनफोर्थ यांना हा कांगावा वाटला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. त्यांनी त्याला बटालियनचे प्रमुख मेजर जॉर्ज एडवर्ड बक्स्टन यांच्याकडे नेले.

त्या रात्री मेजरच्या साध्या खोलीत तिघे बसले. बक्स्टन यांनी आरंभीच सांगितले की, हे बोलणे अधिकारी आणि शिपाई यांचे नव्हे, आपण माणसे म्हणून बोलू. मग त्यांनी बायबल उघडले. ही गोष्ट मला निर्णायक वाटते. त्यांनी देशभक्तीवर व्याख्यान दिले नाही, शिक्षेचा धाक घातला नाही. ज्या ग्रंथापुढे यॉर्क स्वतःला जबाबदार मानत होता, त्याच ग्रंथाच्या आधारे त्यांनी वाद घातला. यॉर्कची बाजू सरळ होती : ‘खून करू नको’ ही आज्ञा, डोंगरावरच्या प्रवचनातली शिकवण आणि ‘तरवार धरणारे सर्व जण तरवारीने नाश पावतील’ हे गेथशेमानेतले वचन. बक्स्टन यांनी लूकच्या बाविसाव्या अध्यायातील वचन पुढे ठेवले, ज्यात येशू म्हणतो की, ज्याच्याजवळ तरवार नाही त्याने आपले वस्त्र विकून ती विकत घ्यावी. मग योहानाच्या अठराव्या अध्यायातील, ‘माझे राज्य ह्या जगाचे असते, तर माझ्या सेवकांनी लढाई केली असती.’ मग कैसराचे ते कैसराला द्या, हे. शेवटी यहेज्केलच्या तेहेतिसाव्या अध्यायाचा आरंभ वाचला गेला, ज्यात तरवार येत असल्याचे पाहूनही पहारेकऱ्याने कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्यांच्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागतो.

या वचनांकडे शांतपणे पाहिले, तर यॉर्कला प्रत्येकाचे उत्तर देता आले असते. लूकच्या त्याच अध्यायात शिष्य दोन तरवारी दाखवतात तेव्हा येशू ‘पुरे’ म्हणतो आणि थोड्याच वेळात त्यांपैकी एका तरवारीने कान तोडला गेला, तेव्हा तो कान बरा करतो. तरवार विकत घ्या म्हणणाऱ्याने ती वापरू दिलीच नाही. योहानातल्या वाक्यात ‘असते तर’ आहे आणि ते राज्य या जगाचे नाही, हेच तर त्यात सांगितले आहे. यहेज्केलच्या पहारेकऱ्याचे काम कर्णा वाजवण्याचे आहे. तो कोणाला मारत नाही. म्हणजे तर्काच्या पातळीवर मेजरने बाजी मारली, असे मला म्हणता येत नाही. उलट यॉर्कच्या बाजूचाही एक धागा सैल होता आणि तो मराठी वाचकाला चटकन दिसतो. यॉर्क जे इंग्रजी बायबल वाचत होता, त्यात सहाव्या आज्ञेतले क्रियापद साधे ‘मारणे’ असे आहे, तर आपल्या मराठी बायबलात ‘खून’ हा शब्द आहे आणि मूळ हिब्रू शब्दाचा रोखही त्याच दिशेचा आहे. ज्या ग्रंथात ही आज्ञा आहे, त्याच ग्रंथात देहदंडही आहे आणि युद्धेही आहेत. त्यामुळे मराठी मंडळीत वाढलेल्या मुलाला आज्ञेपुरती ती अडचण तितकी तीव्र जाणवत नाही. डोंगरावरच्या प्रवचनाची अडचण मात्र त्यालाही चुकत नाही, कारण ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ या वाक्यात भाषांतराने काहीच सैल होत नाही.

मग यॉर्कचे मन कशाने वळले? इथे साधनांत थोडी तफावत आहे. डॅनफोर्थ यांच्या बाजूने आलेल्या हकिकतीप्रमाणे यहेज्केल ऐकून यॉर्क काही वेळ गप्प राहिला आणि मग आपले समाधान झाल्याचे त्याने सांगितले. यॉर्कच्या नावाने १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात मात्र तो अस्वस्थच राहतो, विचाराला वेळ मागतो आणि बक्स्टन त्याला दहा दिवसांची रजा देऊन घरी पाठवतात. त्या आत्मकथनावर दुसऱ्या लेखकाचा हात फिरलेला आहे, त्यामुळे त्यातले शब्द जसेच्या तसे यॉर्कचे मानू नयेत; पण रजा मिळाली होती आणि तो मार्च १९१८ मध्ये घरी गेला होता, यात शंका नाही. गावात पाळकाशी आणि आईशी बोलून त्याचा गुंता सुटला नाही. तेव्हा तो एकटाच डोंगरावर गेला आणि प्रार्थनेत राहिला. खाली आला तेव्हा त्याचे मन शांत होते. आपण जावे आणि आपल्या केसालाही धक्का लागणार नाही, असे आश्वासन देवाकडून मिळाल्याचे तो पुढे सांगत असे.

सैन्यातल्या वरिष्ठाने, युद्ध चालू असताना, पलटण समुद्रापार निघण्याच्या बेतात असताना, एका साध्या शिपायाला त्याच्या विवेकाशी बोलण्यासाठी दहा दिवस घरी पाठवावे, हे सामान्य नव्हते. यॉर्क परतलाच नसता तर? बक्स्टन यांनी तो धोका पत्करला. मला असे वाटते की, वचनांनी यॉर्कच्या मनात एवढेच केले की, लढणारा ख्रिस्ती माणूस हा ढोंगीच असतो असे नाही, हे त्याला पटले. समोरचे दोघे अधिकारी बायबल जाणणारे आणि प्रामाणिक होते, हा त्यांचा पुरावा कोणत्याही वचनाहून मोठा होता. उरलेला निर्णय त्याने त्यांच्यासमोर घेतला नाही, तर त्यांच्यापासून शेकडो मैल दूर, जिथे तो सहज ‘नाही’ म्हणू शकला असता अशा ठिकाणी घेतला. यॉर्कच्या जीवनावर १९४१ मध्ये निघालेल्या चित्रपटात वाऱ्याने बायबलाचे पान उलटते आणि नेमके कैसराचे वचन समोर येते. पडद्याला एक क्षण लागतो. यॉर्कला नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा काळ लागला.

याच मार्च महिन्याच्या २० तारखेला अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आदेश काढून युद्धसेवा नाकारणाऱ्यांसाठी बिनलढाऊ सेवा कोणती, हे ठरवून दिले : वैद्यकीय दल, पुरवठा आणि इंजिनिअर दलातील काही कामे. तो मध्यम मार्ग यॉर्कने धरला नाही. लढायचे नाही तर नाही आणि लढायचे तर पायदळात, असा त्याचा पिंड दिसतो.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण त्याच वर्षीचे आहे आणि ते नोंदवल्याशिवाय यॉर्कच्या प्रकरणाचे माप कळत नाही. साउथ डकोटा राज्यातील हटराइट पंथाचे जोसेफ, मायकेल आणि डेव्हिड हे तीन हॉफर बंधू आणि जेकब विप्फ यांचा पंथ शतकानुशतके युद्ध नाकारत आलेला होता. त्यांनी गणवेश घालण्यासही नकार दिला. लष्करी न्यायालयाने त्यांना अल्काट्राझच्या तुरुंगात पाठवले, जिथे त्यांना अंधाऱ्या, ओल्या कोठडीत ठेवून हातांना बेड्या घालून टांगले गेले. युद्ध संपल्यावर त्यांना कॅन्सास राज्यातील लेव्हनवर्थला हलवण्यात आले आणि तिथे नोव्हेंबरच्या अखेरीस जोसेफ आणि पाठोपाठ डिसेंबरच्या आरंभी मायकेल मरण पावला. जोसेफची पत्नी पोहोचली तेव्हा शवपेटीतल्या त्याच्या देहावर सैन्याचा गणवेश चढवलेला होता, जो त्याने जिवंतपणी अंगाला लावू दिला नव्हता. कायदा तोच, वर्ष तेच, बायबलही तेच. त्यांना कोणी बक्स्टन भेटला नाही. आणि भेटला असता तरी ते वळले असते, असे समजण्याचे कारण नाही.

आता ८ ऑक्टोबर. शातेल-शेहेरी या गावाजवळच्या टेकडीवरून यॉर्कची बटालियन पुढे सरकत असताना मशीनगनच्या माऱ्याने अडली. सार्जंट बर्नार्ड अर्ली यांच्या नेतृत्वाखाली, त्यांना धरून सतरा जण शत्रूच्या मागे शिरले आणि त्यांनी न्याहारीच्या वेळी जर्मनांची एक तुकडी पकडली. तेवढ्यात वरच्या उतारावरून मशीनगन सुरू झाल्या. सहा जण ठार झाले, अर्लीसह तिघे जखमी झाले. मेलेल्यांत मरे सॅव्हेज हा यॉर्कचा छावणीतला सर्वांत जवळचा मित्र होता. उरलेल्या आठ जणांत कॉर्पोरल यॉर्क पुढे आला. गोळी झाडण्यासाठी मशीनगनवाल्याला डोके वर काढावे लागे आणि डोके वर आले की यॉर्क नेम धरी. टर्कीच्या शर्यतीचा हात इथे चालला. संगिनी सरसावून सहा जण धावून आले, तेव्हा त्याने पिस्तूल काढून आधी सर्वांत मागच्याला टिपले, मग त्याच्या पुढच्याला, असे करत पुढे आला, म्हणजे पुढच्यांना मागचे पडलेले कळू नये. हेही त्याच्या डोंगरातले शिकारीचे शहाणपण.

या क्रूर कौशल्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडत होती. तो गोळ्या झाडता झाडता शरण या, खाली या, म्हणून ओरडत होता. आपल्याला गरजेपेक्षा एकही जास्त माणूस मारायचा नव्हता, असे त्याने नंतर सांगितले. जर्मन लेफ्टनंट पॉल फोल्मर याला इंग्रजी येत होते, तो काही काळ अमेरिकेत राहिलेला होता. त्याने गोळीबार थांबवण्याची आणि शरण जाण्याची तयारी दाखवताच यॉर्क थांबला. कैद्यांना घेऊन परतताना वाटेत आणखी जर्मन सापडत गेले आणि आकडा १३२ वर गेला. ब्रिगेडचे प्रमुख जनरल लिंडसी यांनी हे कसे साधले असे विचारले, तेव्हा माणसाहून मोठ्या शक्तीने आपल्याला राखले आणि काय करायचे ते सांगितले, असे त्याचे उत्तर होते. दुसऱ्या दिवशी तो परवानगी काढून त्या जागी परत गेला. कोणी जखमी उरला आहे काय, हे त्याने पाहिले, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना केली. आपल्या माणसांसाठी तर केलीच, जर्मनांसाठीही केली, कारण तेही आपले भाऊच होते, असे तो सांगे.

ही प्रार्थना त्याच्या समेटाची खरी जागा आहे, असे माझे मत आहे. युद्ध योग्य आहे, असा सिद्धान्त यॉर्कने कधी मांडला नाही. आपण मारले नसते तर आपले सोबती मेले असते, हे त्याचे समर्थन. आणि मेलेला शत्रू शत्रू उरत नाही, ही त्याची श्रद्धा. या दोहोंत फट आहे. देवाने आपल्याला राखले असे म्हणणाऱ्याला मरे सॅव्हेजला का राखले नाही, हा प्रश्न कोणीही विचारू शकतो, आणि ओंडक्याआडून वर आलेले ते डोके ‘भावाचे’ होते तर मग काय, हाही. यॉर्कच्या लिखाणात या दोहोंचे उत्तर सापडत नाही.

मे १९१९ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा त्याच्या नावावर जाहिराती आणि नाटकांचे मोठे देकार आले. त्याने ते नाकारले; सरकारचा गणवेश विकायला नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार तेव्हा गाजले. ७ जून १९१९ रोजी गावी ग्रेसी विल्यम्सशी त्याचे लग्न झाले, ते राज्याच्या गव्हर्नरने लावले. नऊ महिने शाळा पाहिलेल्या या माणसाने पुढे डोंगरातल्या मुलांसाठी शेतकी शाळा उभारण्यात आयुष्य घातले; ती १९२६ मध्ये जेम्सटाउन येथे सुरू झाली. चित्रपटाला त्याने अखेर परवानगी दिली, ती बायबल शाळेसाठी पैसे हवे होते म्हणून.

मात्र मन स्थिर राहिले नाही. १९३० च्या दशकात तो युद्धाविषयी कडवट बोलू लागला आणि आपण १९१८ मध्ये नेमके कशासाठी लढलो, असा प्रश्न जाहीरपणे विचारू लागला. त्या काळातला यॉर्क सूट मागणाऱ्या यॉर्कच्या जवळ आलेला दिसतो. हिटलर युरोप गिळू लागल्यावर तो पुन्हा फिरला आणि १९४१ पर्यंत अमेरिकेने युद्धात उतरावे, असे सांगू लागला. या फिरण्याला चंचलपणा म्हणता येईल. मला तो म्हणवत नाही, कारण ज्याचा समेट सिद्धान्तावर उभा नसतो, त्याला प्रत्येक नव्या युद्धाच्या वेळी तो नव्याने करावा लागतो. ज्यांच्या पंथाचे मतसूत्र लिहिलेले असते, त्यांची या त्रासातून सुटका होते.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही. मराठी ख्रिस्ती घरातला मुलगा सैन्यात जातो, तो स्वतः अर्ज भरून, आणि त्या अर्जात सूट मागण्याचा रकाना नसतो. त्यामुळे हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत भरतीच्या आधी क्वचितच बोलला जातो. बोलला गेलाच तर मुलगा रजेवर घरी आल्यावर, आणि तोही त्याने विषय काढला तर.

दुसऱ्या महायुद्धात यॉर्कने वयाची पन्नाशी ओलांडली असतानाही भरतीसाठी नाव दिले. प्रकृतीमुळे त्याला आघाडीवर पाठवणे शक्य नव्हते. तो आपल्या फेंट्रेस परगण्याच्या भरती मंडळाचा प्रमुख झाला. पंचवीस वर्षांपूर्वी त्याची सूट नाकारणाऱ्या मंडळाच्या जागी आता तो बसला होता आणि डोंगरातल्या पोरांचे अर्ज त्याच्यापुढे येत होते. २ सप्टेंबर १९६४ रोजी तो वारला. त्याच्या मुलांची नावे वुड्रो विल्सन, अँड्र्यू जॅक्सन, थॉमस जेफरसन अशी राष्ट्राध्यक्षांवरून ठेवलेली होती. त्यांतल्या एकाचे नाव मात्र जॉर्ज एडवर्ड बक्स्टन यॉर्क असे होते.